निविदा ऑनलाइन झाली, पुढचं सगळं अजून वहीतच आहे

थोडं लांब लिहितोय. सवडीने वाचा.

मागच्या महिन्यात माझ्या एका वर्गमित्राच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्या पाडल्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मराठवाड्यातलं कुठलंही गाव धरा, फार फरक पडणार नाही. खोल्या २००३ साली बांधलेल्या, म्हणजे वयाची पंचविशीसुद्धा गाठली नाही. शेजारी दगडी भिंतीची, पत्र्याची जुनी खोली आहे. ती माझ्या वडिलांच्या वयाची असेल, अजून ठणठणीत उभी आहे.

जेसीबीने एक धक्का दिला आणि स्लॅब तुकड्यातुकड्यांनी खाली आला. मित्र स्वतः कंत्राटदार आहे. त्याने ढिगातली एक सळई उचलली, गुडघ्यावर ठेवून वाकवली. गंजाचे पापुद्रे हातात आले. म्हणाला, "कव्हरच सोडलेलं नाही रे. सळई थेट सेंटरिंगच्या प्लेटवर टाकलीय." सळईखाली काँक्रीटचा थर ठेवावा लागतो, नाहीतर ओल लागते, सळई गंजून फुगते आणि स्लॅब खालून फुटत जातो. एवढं मलाही आता कळतं.

मी गप्प होतो. त्याचं कारण वेगळं होतं. या कामाची निविदा सूचना पोचवणारा मीच होतो.

२००१ साली पत्रकारितेची पदविका घेऊन मी जिल्ह्याच्या एका दैनिकात लागलो. पगार महिना दीड हजार, तोही दोन-दोन महिने थकलेला. निविदा सूचना आली की मालकांचा चेहरा खुलायचा, कारण पैसा तिथूनच यायचा. काही सूचनांसाठी आमच्याकडे खास सोय होती. बाजारात जाणारा अंक छापून झाला की एक पान बदलायचं, त्यात निविदा सूचना टाकायची आणि वेगळ्या पन्नासेक प्रती काढायच्या. त्यातल्या पाच प्रती बिलाला जोडून कार्यालयात द्यायच्या, बाकीच्या रद्दीत. लोकांच्या हातात गेलेल्या अंकात ती सूचना नसायचीच. नियमाप्रमाणे सूचना प्रसिद्ध झाली आणि ती कुणी वाचलीही नाही, अशी दोन्ही कामं एकाच वेळी व्हायची.

ज्याला काम द्यायचं ठरलंय तो आधीच फॉर्म घेऊन गेलेला असायचा. सोबत मेव्हण्याच्या नावाचा एक, भागीदाराच्या नावाचा एक. तीन लिफाफे आले की स्पर्धा झाली. कधी कुणी आगाऊ माणूस फॉर्म मागायला आलाच तर निविदा पेटीजवळ चार पोरं उभी असायची.

शाळेच्या खोल्यांच्या त्या पाच प्रती मी लुनावरून नेऊन दिल्या आणि पोच घेतली. तेव्हा हा मित्र सिव्हिलचा डिप्लोमा करून, कंत्राटदार म्हणून नुकतीच नोंदणी करून बसला होता. त्याचे वडील गवंडी. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राबलेले. आपल्याच गावच्या शाळेचं काम पोराने घ्यावं अशी त्यांची फार इच्छा होती. तो चार वेळा कार्यालयात गेला. तीन वेळा "अजून निघाली नाही" आणि चौथ्या वेळी "फॉर्म संपले."

हे मी त्याला बावीस-तेवीस वर्षं सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. आज बांधकामाच्या धंद्यात आधुनिक व्यवस्थापन, डिजिटल खरेदी हे शब्द फार चालतात. सेमिनार होतात, कंपन्या सॉफ्टवेअर विकतात. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात त्याचा अर्थ काय झाला, हे मी जवळून पाहिलंय. त्यातलं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे.

२०१० नंतर राज्यात ई-निविदा रुजत गेली. किती रकमेच्या वरच्या कामाला ती सक्तीची, ही मर्यादा खाली येत येत ३ लाखांवर आली आणि पुढे पुन्हा १० लाखांवर गेली. महाटेंडर्स हे राज्याचं पोर्टल. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने तयार केलेली ही प्रणाली. तिथे फॉर्म संपत नाहीत. पेटीजवळ पोरं उभी करता येत नाहीत. दर कुलूपबंद असतात. ठरलेल्या वेळेआधी ते उघडत नाहीत आणि उघडायलाही एकाहून जास्त अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. लॉगिन नसलेला माणूससुद्धा कुठलं काम निघालंय हे घरबसल्या पाहू शकतो.

माझ्या मित्राला पहिलं मोठं काम २०१४ साली असंच मिळालं. बसस्टँडसमोरच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये तो डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल घेऊन रात्री अकरापर्यंत बसला होता. निविदा उघडली त्या दिवशी स्क्रीनवर त्याचं नाव पहिलं होतं. त्याने कुणालाही फोन केला नव्हता, कुणाच्या घरी पेढे पोचवले नव्हते. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब कोण होता?" याने सांगितलं, "साहेब नव्हता, कॉम्प्युटर होता." म्हाताऱ्याला ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

खरं सांगायचं तर त्याच काळात आमचा धंदा बसला. लांबलचक सूचनांच्या जागी चार ओळी आल्या, "सविस्तर माहिती संकेतस्थळावर." छोट्या पेपरांचं उत्पन्न गेलं. आमच्यातल्या अनेकांनी ई-निविदेविरुद्ध अग्रलेख लिहिले, ग्रामीण कंत्राटदारावर अन्याय वगैरे. मीही एक लिहिला होता. त्यात कळवळा कंत्राटदाराचा होता की जाहिरातीचा, हे आता विचारू नका.

२०१६ साली अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या एका नियतकालिकात भारत आणि इंडोनेशियातल्या ई-निविदांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातले रस्ते पंतप्रधान ग्रामसडक योजनेचे घेतले होते. ई-निविदेमुळे सरकारला काम स्वस्तात पडलं, असं काही त्यात आढळलं नाही. पण भारतात रस्त्यांचा दर्जा सुधारलेला दिसला, इंडोनेशियात कामातला उशीर कमी झाला आणि दोन्हीकडे बाहेरच्या भागातले कंत्राटदार जिंकण्याचं प्रमाण वाढलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीशी हे जुळतं. दार उघडलं की चांगला माणूसही आत येतो.

पण दार उघडलं म्हणजे घर सुधारलं असं नाही.

पहिली गोष्ट, आपल्या लोकांनी ऑनलाइनमधूनही वाटा काढल्या. १० लाखांची मर्यादा आहे ना, मग एकाच रस्त्याचे तुकडे पाडून ९ लाख ९० हजारांची तीन कामं करा. काही ठिकाणी निविदेत अट घाला की उपअभियंत्याचा जागा पाहणीचा दाखला जोडायचा. झालं, कोण कोण निविदा भरणार हे दाखला घेताना आधीच कळलं. किंवा अमुक किलोमीटरच्या आत स्वतःचा प्लँट हवा अशी अट टाका, तालुक्यात प्लँट एकाचाच आहे. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट, आमच्याकडे दहा-बारा कंत्राटदारांचे डोंगल एकाच कॉम्प्युटर सेंटरच्या ड्रॉवरमध्ये असायचे. पासवर्ड त्याच्याच वहीत. सगळ्यांचे दर तोच पोरगा भरायचा. पोर्टलला कुलूप होतं आणि किल्ल्यांचा जुडगा बसस्टँडसमोर टांगलेला होता.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. स्पर्धा खुली झाली ती फक्त दराची. अंदाजपत्रकापेक्षा १५ टक्के खाली, २० टक्के खाली, २५ टक्के खाली. फार खाली गेलात तर जादा अनामत भरावी लागते, तरी लोक जातात. १० लाखांचं काम २५ टक्के खाली घेतलं की हातात साडेसात लाख. त्यातून १ टक्का कामगार उपकर, आयकराची कपात, जीएसटीची कपात, सुरक्षा ठेव. आणि टेबलाटेबलावरचं जे काही असतं ते, ज्याचं कुठलंही पोर्टल नाही. मग उरलेल्या पैशात सिमेंट, सळई, खडी बसवायची. कुठे कापणार? कव्हर ब्लॉकमध्ये कापणार, व्हायब्रेटरमध्ये कापणार, पाणी मारण्याच्या दिवसांमध्ये कापणार. स्लॅबला नंतर रंग दिला की यातलं काहीच दिसत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे निविदा मंजूर झाल्यानंतरचं सगळं. कार्यारंभ आदेश, जागेवरची तपासणी, मोजमाप पुस्तिका, बिल. आमच्याकडे हे सगळं अजून हाताने चालतं. मोजमाप पुस्तिका म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात ती. शाखा अभियंत्याने जागेवर जाऊन मापं घेऊन लिहायची, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात ती कित्येकदा कंत्राटदाराच्या माणसाने भरलेली असते आणि सही नंतर होते. एकदा एका शाखा अभियंत्याला मी विचारलं होतं, साहेब, जागेवर कधी गेला होता? ते म्हणाले, "माझ्याकडे किती गावं आहेत ते आधी लिहा तुमच्या पेपरात." त्यांचंही खोटं नव्हतं.

आणि बिल. मित्राने २०१९ साली तीन कामं एकदम घेतली. दोन पूर्ण केली, बिलं अडकली. निधी आला नाही, आज टेबलवर सही नाही, मग आचारसंहिता, पुढच्या वर्षी कोरोना. सळईच्या दुकानदाराने उधारी बंद केली. बायकोचे दागिने पतसंस्थेत गेले. ज्याने इमानदारीने काम केलं त्याचा पैसा दोन वर्षं अडकला आणि त्यावरचं व्याज त्याने भरलं. पुढच्या कामात हा माणूस कव्हर ब्लॉक वापरेल का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला होता.

केंद्र सरकारला हे कळत नाही असं नाही. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राच्या वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाने खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की चालू बिलाच्या देय रकमेपैकी किमान ७५ टक्के रक्कम बिल सादर केल्यापासून १० कामाच्या दिवसांत द्यावी, उरलेली तपासणी करून २८ कामाच्या दिवसांत. मोजमाप पुस्तिका इलेक्ट्रॉनिक करावी, असंही आहे. ठरावीक कामांत फक्त सर्वांत कमी दर न पाहता दर्जालाही ३० टक्क्यांपर्यंत गुण देण्याची मुभा आहे. वाचून वाटतं, कुणीतरी साइटवर उभं राहून लिहिलंय. पण या सूचना केंद्राच्या कामांसाठी. गावच्या शाळेच्या खोलीला त्या आपोआप लागू होत नाहीत. गेली दोन-तीन वर्षं आपल्या राज्यातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी मोर्चे काढताना तुम्ही बातम्यांत पाहिलेच असतील.

आता मित्राचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण आधुनिक व्यवस्थापन म्हणजे काय हे मला सेमिनारपेक्षा त्याच्या घरात जास्त कळलं.

त्याची मुलगी पॉलिटेक्निकला सिव्हिल करत होती. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेली. एक दिवस तिने विचारलं, "बाबा, मागच्या कामात सिमेंट किती लागलं?" हा म्हणाला, "लागलं तेवढं लागलं." पोरीने सगळ्या पावत्या पिशवीतून बाहेर काढल्या, मोबाइलमध्ये तक्ता केला. लागायला हवं होतं त्यापेक्षा चाळीस-बेचाळीस गोण्या जास्त गेल्या होत्या. काही चोरीला, काही पावसात दगड झालेल्या, काही शेजारच्या घराच्या ओट्यात.

मग तिने नियम लावले. गाडी आली की सळया मोजायच्या. १२ मिलीची सळई मीटरला ०.८८८ किलो भरते, म्हणजे १२ मीटरची एक सळई साधारण १०.६६ किलो. ९४ सळया म्हणजे टन. काट्याच्या पावतीवर टन आणि गाडीत ८८ सळया असतील तर दुकानदाराला तिथूनच फोन. आधी आलेलं सिमेंट आधी वापरायचं. खरेदी करण्याआधी तीन दुकानांचे दर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागवायचे आणि ऑर्डर देताना माल कोणत्या दिवशी हवा तेही लिहायचं. रोज संध्याकाळी जागेचा फोटो. दर सोमवारी पुढच्या सहा दिवसांचा कागद, कुठल्या दिवशी सेंटरिंग, कुठल्या दिवशी बांधणी, कुठल्या दिवशी स्लॅब.

मला ती म्हणाली, "काका, बाबांना वाटायचं चोरीने नुकसान होतं. तसं नव्हतं. दोन महिन्यांच्या कामात अकरा दिवस माणसं नुसती बसून होती. कधी खडी नाही, कधी सळई उशिरा. हजेरी चालूच."

बांधकामात सगळ्यात महाग माल म्हणजे वाया गेलेला दिवस. हे मोजायला तिला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागलं नाही. एक तक्ता आणि तो रोज भरायची शिस्त, बस. आज मित्र खासगी घरंही बांधतो. घरमालकाला दर टप्प्याचा हिशेब फोटोसकट जातो. सरकारी कामं तो आता मोजकीच भरतो.

मग मला प्रश्न पडतो. एका गवंड्याच्या नातीला जे मोबाइलवर जमतं, ते सरकारी बांधकामाला का जमू नये? निविदा ऑनलाइन दिसते, तसं एमबीचं पानही ऑनलाइन दिसू द्या. कोणत्या तारखेला कोण साइटवर गेला, काय मोजलं, स्लॅब टाकतानाचा फोटो, क्यूब टेस्टचा २८ दिवसांचा निकाल, बिल कधी सादर झालं, कुठल्या टेबलावर किती दिवस थांबलं, पैसे कधी गेले. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या कागदावर लिहिलेली असतेच. ती लोकांना दिसत नाही एवढंच. चोर कंत्राटदाराला हे नको असतं हे समजू शकतो. पण चांगल्या कंत्राटदाराला हेच हवंय, कारण त्याचं बिल कुणी दाबून ठेवलंय हेही त्यात दिसेल.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते वापरू. महाटेंडर्सवर तुमच्या गावाचं काम शोधा, कुणाला मिळालं ते पाहा. दर फार खाली गेला असेल तर त्या कामावर जास्त लक्ष ठेवा. कामाचा फलक लागलाय का, त्यावर दोष दायित्व कालावधी लिहिलाय का बघा. त्या मुदतीत काम खराब झालं तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. आणि माहिती अधिकार कायदा, २००५. त्यातल्या कलम २ च्या व्याख्येत फक्त कागद मागण्याचा अधिकार नाही, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज आहे. फार थोडे लोक वापरतात.

त्या दिवशी ढिगाशेजारी उभं राहून मी मित्राला सगळं सांगितलं. ती पन्नास प्रतींची आवृत्ती, लुना, पोच. त्याने सळई खाली टाकली, हात झटकले. थोड्या वेळाने विचारलं, "तुला किती मिळाले होते?"

"काही नाही. पगार. तोही थकलेला."

तो हसला नाही. रागावलाही नाही. म्हणाला, "अण्णा गेले तेव्हा ही खोली गळायला लागली होती. ते म्हणायचे, माझ्या हातची असती तर गळली नसती."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

नव्या खोल्यांची ई-निविदा झाली आहे. मित्राने भरली होती, ६ टक्के खाली. काम मिळालं शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाला, १९ टक्के खाली. मित्र म्हणतो, "बाहेरचा आला त्याचं काही नाही, येऊ दे. पण १९ टक्क्यांत कसं बसवतो ते मला बघायचंय." मी एमबीची प्रत आणि कामाच्या पाहणीसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला सांगून ठेवलंय की स्लॅबची तारीख ठरली की कळवा.

मित्राची मुलगी येणार आहे, सोबत टेप आणि मोबाइल. मी येणार आहे. कव्हर ब्लॉक लावलेत की नाही ते स्लॅब पडायच्या आधी मोजायचं, फोटो काढायचे, तिथल्या तिथे लिहून ठेवायचं. आणि या वेळची बातमी बाजारात जाणाऱ्या अंकात छापायची.